कावळा परत येतो ते पुस्तक

वाचनालयाच्या मागच्या बाजूला, नळ आणि जिना यांच्यामध्ये जी चिंचोळी खोली उरली होती, तिला सगळे मोठ्या आदराने ‘बाइंडिंग विभाग’ म्हणत. विभाग म्हणजे एक लांब टेबल, एक लोखंडी दाबयंत्र, खळीचं पातेलं आणि खळमावशी. यांतल्या दाबयंत्राला तेल लागे, पातेल्याला कल्हई लागे. मावशींना काहीच लागत नसे. सकाळी येत, पदर खोचत, उजव्या हाताच्या बोटात, सुई टोचू नये म्हणून, पितळी अंगुस्तान चढवत आणि संध्याकाळी जाताना ते काढायला विसरत. घरी जेवताना ताटावर टकटक आवाज आला की त्यांचे यजमान, म्हणजे नातीचे आजोबा, मान वर न करता म्हणत, “अगं, कार्यालय सुटलंय.”

मावशी पुस्तकं वाचत नसत. अक्षरओळख चांगली होती, चष्म्याचा नंबरही माफक होता, पण वाचत नसत. तरुणपणी त्या एका छापखान्यात कागदाच्या घड्या घालायला होत्या. तिथल्या मुकादमाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “बाई, मजकुरात डोकं घातलंस की घडी वाकडी गेलीच म्हणून समज.” छापखाना पुढे बंद पडला, मुकादमही गेला, पण त्याचं वाक्य मावशींनी जपून ठेवलं. शिवणाऱ्याने वाचायला बसलं तर शिवायचं कोणी?

वाचक मात्र त्यांना पाठ होते. माणूस पुस्तकाशी कसा वागला हे पुस्तक फाटून त्यांच्याकडे आलं की लगेच कळे. रहस्यकथेची शेवटची चार पानं सगळ्यांत मळकी, म्हणजे लोक खुनी आधी बघून घेतात आणि मग सवडीने दचकतात. पाककृतींच्या पुस्तकाला तेल लागलेलं असेल तर ते वापरात आहे. कोरं असेल तर घरात सासू आहे. स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकात पहिल्या धड्याला प्रत्येक ओळीखाली पट्टीने रेघ, तिसऱ्या धड्याला हाताने, पाचव्याला नुसतं एक टिंब, आणि पुढे निश्चयासकट सगळं कोरं. कवितासंग्रह सहसा मावशींकडे येतच नसत. त्यांची तब्येत कायम उत्तम असे.

तर अशा या खोलीत एक दिवस ते जादूचं पुस्तक आलं.

पुस्तक लहान मुलांचं होतं. एक मनोरा, त्यात एक प्रचंड घड्याळ, घड्याळाची राखण करणारी एक मुलगी आणि तिच्या खांद्यावर बसून येताजाता तिचा पाणउतारा करणारा एकडोळ्या कावळा. घड्याळाचे काटे मागे फिरवले तर गेलेली वेळ परत येते म्हणतात, पण ते कोणी फिरवायचे नाहीत. एवढंच. पण या एवढ्याशाने गावातल्या पोरांना झपाटलं होतं. बालविभागात त्याच्या दोन प्रती होत्या आणि त्यांच्यासाठी रांग लागे. एक गृहस्थ तर तावातावाने तक्रार घेऊन आले. पोरीने घरातली सगळी घड्याळं मागे करून ठेवली, ते कचेरीत उशिरा पोचले, साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं. ग्रंथपालांनी शांतपणे ऐकून घेतलं. गृहस्थ दारापर्यंत गेले, परत आले आणि खाली वाकून म्हणाले, “याचा दुसरा भाग कधी येतोय?” वर्तमानपत्र वाचायला येणारे निवृत्त हेडमास्तर आजकाल वर्तमानपत्र फार उंच धरतात, हेही शिपायाच्या लक्षात आलं होतं.

दोन प्रतींपैकी एकीने शेवटी हात टेकले. मावशींसमोर आला तो नुसता गठ्ठा होता. पाठ सुटलेली, पुठ्ठा लोंबकळलेला, पहिलं पान कुठेतरी परागंदा. मावशींनी जुनी शिवण उसवली आणि फर्मे सुटे केले. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घड्या घालून झालेली सोळा पानांची चोपडी. अशा चोपड्या एकीवर एक रचून शिवल्या की त्याचं पुस्तक होतं. बाराव्या फर्म्याचं शेवटचं पान हातात आलं तेव्हा त्या थबकल्या. पान पापडासारखं वेडंवाकडं झालेलं होतं. पाणी लागलेलं. तेही एकदा नाही, पुष्कळदा, वेगवेगळ्या जागी.

“भांडी घासता घासता वाचतात की काय मेली,” त्या पुटपुटल्या.

मग त्यांना उमगलं, की हे पाणी नळाचं नाही.

इतक्या वर्षांत रडवणारी पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली होती, पण मोठी माणसं डोळ्यांना रुमाल लावून रडतात. इथे पोरं सरळ पानावर गळली होती. एवढं आहे तरी काय यात? मुकादमाचं वाक्य बाजूला सारून मावशींनी एक फर्मा उचलला. पाणी लागलेला नव्हे, तेवढा धीर नव्हता. त्याच्या आधीचा, अकरावा. त्यात कावळा मुलीला घेऊन तळ्यावरून उडतो आणि वाटेत तिच्या वजनाबद्दल इतकं काय काय बोलतो, की मावशी एकट्याच खोलीत खुदखुदून हसल्या. सोळाच्या सोळा पानं वाचून काढली. हसतच फर्मा खाली ठेवला, दुसरा उचलला आणि शिवायला घेतलं.

शिवण्याआधी प्रत्येक फर्म्याच्या तळाशी छापलेला बारीक आकडा बघत जायचं, एक, दोन, तीन, हा या धंद्यातला देवाला नमस्कार करण्यासारखा रिवाज. मावशींनी तो कधी चुकवला नव्हता. त्या दिवशी चुकवला. आपण आतलं वाचलंय, म्हणजे बरोबरच असणार, असा एक भलताच आत्मविश्वास त्यांच्यात शिरला होता. वाचणाऱ्या माणसांना तो होतो.

पुस्तक निळ्या जाड्या कापडात बांधून बालविभागात परत गेलं. थोड्याच दिवसांत ग्रंथपाल खोलीच्या दारात येऊन शिंकले. खळीच्या वासाने त्यांना शिंका येत, त्यामुळे ते बोलायचं दारातूनच बोलत.

“मावशी, काय जादू केलीत हो? दुसरी प्रत परवाच बदलून कोरी करकरीत आणली आहे, चित्राचं मुखपृष्ठ आहे, पण पोरं म्हणतात, नको, मावशींनी शिवलेलीच द्या!”

“शिवण पक्की असली की पुस्तक हातात नीट उघडतं,” मावशी म्हणाल्या. नम्रपणे म्हणाल्या, पण संध्याकाळी आजोबांना हे वाक्य दोनदा ऐकावं लागलं. “निळं कापड माझ्याच पसंतीचं,” असंही वर ऐकावं लागलं.

मावशींची मुलगी परिचारिका. तिच्या पाळ्या सारख्या बदलत, म्हणून नात बहुतेक आजीकडेच असे. दहा वर्षांची, दोन वेण्या, आणि वाद घालण्यात कोणाला हार जाणार नाही अशी. त्या दिवशी ती जेवायला बसली तीच फणकारत.

“आजी, तो वकील आहे ना, तो सगळ्यांसमोर मला खोटारडी म्हणाला.”

वकील म्हणजे तिच्याच वर्गातला एक चष्मेवाला मुलगा. मास्तरांनी दिलेलं उत्तर बरोबर आहे की नाही, हे तो पुस्तकात बघून मास्तरांना सांगत असे, म्हणून वकील.

“कशावरून?” आजोबा म्हणाले.

“तो म्हणतो, कावळा मरतो. मी म्हटलं, मरतो, पण परत येतो! तो म्हणतो, येत नाही. मी वाचलंय ना? मुलगी घड्याळाचे काटे मागे ओढते आणि लगेच कावळा कठड्यावर बसलेला असतो. तिला म्हणतो, ‘आलीस? मला वाटलं, मी म्हातारा झाल्यावर येशील.’ मग ती दोघं तळ्यावरून उडतात, आणि मग मनोरा तसाच उभा राहतो, आणि ती घरी जाते. आता रविवारच्या वाचकसभेत बोलायचंय. जो हरेल त्याने स्टुलावर उभं राहून सांगायचं, ‘मी डोळे मिटून वाचतो.’ पैज लागलीये.”

“दोघांनी एकच पुस्तक वाचलं ना?” आजोबांनी विचारलं.

“एकच! त्याने नवी प्रत वाचली, मी आजीची. आणि आजीच्या पुस्तकात तर पानांचे आकडेसुद्धा जादूचे आहेत. एकशे साठनंतर एकदम एकशे सत्त्याहत्तर. काटे मागे फिरले की आकडे परत मागे, एकशे एकसष्टवर! वेळ मागे जाते ना, म्हणून. वकिलाच्या लक्षातच आलं नाही ते. डोळे मिटूनच वाचतो तो.”

ताटावरची टकटक थांबली.

“काय झालं गं?” आजोबा म्हणाले. “अंगुस्तान गिळलंस की काय?”

दुसऱ्या दिवशी मावशी वाचनालय उघडायच्या आधीच पायरीवर हजर. शिपायाने कुलूप काढताच त्या बालविभागात गेल्या, निळं पुस्तक खणातून काढलं आणि उभ्याउभ्याच तळाचे आकडे बघितले. दहा. बारा. अकरा. तेरा.

त्यांनी पुस्तक मिटलं. परत उघडलं. आकडे काही लाजेने बदलले नव्हते.

मग मावशींनी आयुष्यात प्रथमच ठरवून वाचलं. बाराव्या फर्म्यात कावळा घड्याळाच्या दातेरी चाकांत शिरतो, मनोरा कोसळू नये म्हणून चाकं स्वतःच्या अंगाने अडवतो आणि तिथेच मरतो. मुलगी रडत रडत काटे मागे ओढते ‘आणि’—इथे पान संपत होतं. या ‘आणि’च्या पुढे पुस्तक लिहिणाऱ्याने मुलीला रिकाम्या खांद्याने घरी पाठवलं होतं. मावशींनी मात्र तिथे अकरावा फर्मा शिवला होता. कावळा कठड्यावर. आलीस? दोन्ही टोकं अशी बेमालूम जुळली होती, की जाणूनबुजून करायचं म्हटलं तर साधलं नसतं.

पोरांना शिवण आवडली नव्हती, कापड आवडलं नव्हतं. कावळा आवडला होता.

“चांगलं नाव काढलं,” मावशी स्वतःशीच म्हणाल्या. रविवारी नात हे पुस्तक उघडून दाखवणार, वकील त्याचं उघडून दाखवणार, आणि मग सगळी सभा तळाचे आकडे वाचणार. नात खोटी पडणार. नाही पडली, तर आजी अडाणी ठरणार. मधली वाट कुठेच दिसत नव्हती.

शाळा सुटल्यावर नात खोलीत आली, तेव्हा मावशींनी तिला स्टुलावर बसवलं आणि दोन्ही फर्म्यांच्या तळाशी बोट ठेवून दाखवलं. फार बोलल्या नाहीत. बोट ठेवलेलं पुरे झालं. नात हुशार होती, हीच तर अडचण होती.

“म्हणजे तो मरतो,” ती म्हणाली.

“मरतो.”

“आणि येत नाही.”

“नाही येत.”

“तुला माहीत होतं?”

“आज सकाळी कळलं. मी वाचत बसले गं. तो तिला वजनावरून बोलतो ना, तिथे हसू आलं, आणि फर्मा भलतीकडे ठेवला.”

नातीने पुस्तक छातीशी धरलं. “मग आता तू हे उसवणार?”

“उसवायलाच हवं. चुकलेलं काम कोणी ठेवतं का?”

“म्हणजे तू त्याला परत मारणार.”

वाळवी मारायचं काम त्यांनी केलं होतं, झुरळं मारायचंही केलं होतं. कावळा मारायचं काम पहिलंच. त्यांनी खळ ढवळली. ढवळायची गरज नव्हती.

“रविवारी काय करशील?” त्यांनी विचारलं.

“बघीन,” असं म्हणून नात निघून गेली. पुस्तक तिथेच ठेवून गेली. घरी दोन दिवस ती आजीशी कामापुरतंच बोलली. मीठ दे. वेणी घाल. आजोबांनी मध्ये एकदा तडजोडीचा प्रयत्न केला. “अगं, माणूस आहे, चुकतं. मी बस चालवायचो तेव्हा एकदा भलत्याच मार्गावर गेलो होतो.” नात म्हणाली, “त्यात कोणी मेलं होतं का?”

रविवारी वाचकसभेला बालविभाग भरला होता. सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्यांवर आईबाप, कोपऱ्यात निवृत्त हेडमास्तर, हातात वर्तमानपत्र पण आज मिटलेलं. मावशी एरवी सभेला येत नसत. आज दारापाशी उभ्या होत्या, बोटात अंगुस्तान.

आधी इतरांनी आपापली मतं मांडली. एका चिमुरड्याने सांगितलं की पुस्तक छान आहे, पण आई वाचून दाखवताना जादूची वाक्यं गाळते, झोपायची घाई असते म्हणून. एका मुलीला घड्याळ आवडलं होतं, पण कावळा उद्धट वाटला. त्यावर सतरंजीवरून “ए!” असा एकमुखी निषेध झाला. ते घड्याळवाले गृहस्थ उठले आणि मुलीच्या वतीने म्हणून स्वतःचंच मत बराच वेळ सांगत राहिले.

मग वकील उठला. पुस्तक उघडलं, खूण घातलेलं पान काढलं, चष्मा सावरला. “कावळा मरतो. परत येत नाही. पुरावा इथे आहे. आता हिने तिचा पुरावा द्यावा.”

सगळे नातीकडे बघायला लागले. तिच्या हातात पुस्तक नव्हतं. ती उठली, कडेचं स्टूल ओढत मध्ये आणलं आणि त्यावर चढली. वेण्या पुढे घेतल्या, पुन्हा मागे टाकल्या.

“मी डोळे मिटून वाचते,” ती म्हणाली. आवाज जरा चिरकला.

वकिलाचं तोंड उघडंच राहिलं. त्याची तयारी भांडायची होती, जिंकायची नव्हती.

“खोटं आहे ते,” दारातून आवाज आला.

सगळ्यांनी माना वळवल्या. मावशींना इतक्या माणसांसमोर बोलायची सवय नव्हती. त्यांनी अंगुस्तानाने दाराच्या चौकटीवर एकदा टक् केलं, जणू दाबयंत्राचा दांडाच बसवला, आणि म्हणाल्या, “तिने नीटच वाचलंय. जसं शिवलेलं होतं तसं वाचलं. शिवलंय मी. एक फर्मा पुढचा मागे गेला, म्हणून त्या पुस्तकात कावळा परत आला. डोळे मिटले असतील तर मी. म्हणजे मिटले नव्हते. वाचत होते. तेच चुकलं.”

आईबापांत कुजबुज झाली. ग्रंथपालांना शिंक आली, खळ जवळपास नसताना. नात स्टुलावरच उभी होती, आणि आता ती आजीकडे बघत होती, दोन दिवसांत प्रथमच सरळ.

“आजी, कशाला सांगितलंस?” ती हळूच म्हणाली. “मी म्हणून टाकलं होतं ना.”

“उतर खाली. पडशील.”

आता सभा आपल्याला नावं ठेवणार, या तयारीने मावशी उभ्या होत्या. पण सतरंजीवरच्या मंडळींना चूक कोणाची याच्यात काडीचाही रस नव्हता. मागच्या रांगेतला एकजण ओरडला, “म्हणजे कावळा परत येतो ते पुस्तक खरंच आहे?” आणि मग जो गलका झाला! मला द्या, माझा नंबर आधी, मी नुसतं नवीन वाचलंय, माझ्या भावाला पण. ज्यांनी निळी प्रत वाचली होती ती पोरं एकदम मातब्बर होऊन इतरांना उडण्याचा प्रसंग सांगायला लागली, आणि तो प्रसंग इतरांनीही वाचलेला होता हे कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. मरणाआधी वाचलेलं उडणं वेगळं आणि मरणानंतरचं वेगळं. हेडमास्तर उठून ग्रंथपालांजवळ गेले आणि आपल्या नातवाचं नाव नोंदवून आले. त्यांना नातू नव्हता.

“मावशी,” ग्रंथपाल म्हणाले, “दुरुस्ती करावीच लागेल. नियम आहे.”

“मलाही ते चुकलेलंच ठेवायचं नाही,” मावशी म्हणाल्या.

“पण एवढी नावं आलीत. ती संपेपर्यंत राहू दे.”

त्याप्रमाणे निळं पुस्तक घरोघर फिरलं. परत आलं तेव्हा मावशींनी ते नीट तपासलं. बाराव्या फर्म्याचं शेवटचं पान पापडासारखंच होतं, त्याला इलाज नव्हता. पण त्याच्या पुढचं, अकराव्याचं पहिलं, बोटांच्या ठशांनी काळं झालेलं. पोरं ते पान घाईघाईने उलटून तिथे पोचली होती आणि मग तिथेच रेंगाळली होती. मावशींनी शिवण उसवली. नात शेजारी बसली होती. दोरा तिनेच ओवून दिला. दहा, अकरा, बारा, तेरा, तिने मोठ्याने आकडे म्हटले आणि मावशींनी ते ऐकत ऐकत टाके घातले. कावळा त्याच्या जागी जाऊन मेला.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, दारात वकील उभा राहिला. हातात निळं पुस्तक.

“मावशी, हे बिघडलंय.”

मावशींनी पुस्तक घेतलं, पाठ दाबून पाहिली, पुठ्ठा हलवून पाहिला, तळाचे आकडे पाहिले. हल्ली ते त्या दोनदा बघत. “कुठे बिघडलंय? शिवण पक्की आहे.”

“शिवण नाही हो,” वकील चष्मा सावरत म्हणाला. त्याने नाव नोंदवलं ते सगळ्यांची यादी संपल्यावर, आणि तोवर पुस्तक दुरुस्त झालं होतं. “यात कावळा येत नाही.”

“तो येतच नाही. तूच तर सांगत होतास. पुराव्यासकट.”

“ते नवीन पुस्तकाचं सांगत होतो,” वकील म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, “सगळ्यांनी वाचलं. मीच राहिलो.”

मावशींनी त्याच्याकडे बघितलं. कात्री टेबलावरच होती, पण एकदा बरोबर शिवलेलं पुन्हा चुकीचं शिवणं त्यांच्याकडून होण्यासारखं नव्हतं. त्यांनी ओला हात पदराला पुसला आणि पुस्तक उघडून त्याच्यासमोर धरलं.

“हे बघ. एकशे साठपर्यंत सरळ वाच. मग ही सोळा पानं सोड. बघायचंसुद्धा नाही. इथे एकशे सत्त्याहत्तरवर ये. एकशे ब्याण्णव झालं, रडून झालं, की परत मागे एकशे एकसष्टवर जा. ते संपलं की मग शेवट.”

“असं चालतं?”

“शिवायला चालत नाही. वाचायला कोण अडवतंय?”

वकील तिथेच, नळाशेजारच्या स्टुलावर बसला. त्याने बोट पानांत घालून जागा धरून ठेवल्या आणि वाचायला लागला. मावशींनी आपलं काम पुढे ओढलं. बराच वेळ नुसता सुईचा आणि पानांचा आवाज. मग मागून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

“पानावर नको,” मावशी मान वर न करता म्हणाल्या. “आधीच पापड झालंय ते.”

“हो,” वकील म्हणाला आणि बाहीने चष्मा पुसून त्याने पानं मागे उलटली.